हरलेल्या पहिलवानाचं चित्र

मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये प्रत्येक लढवय्याची निदान आठ चित्रं आधी काढावी लागतात. नुसता उभा असलेला, चालणारा, हलका फटका मारणारा, जोरात मारणारा, अडवणारा, मार खाल्लेला, जिंकलेला आणि हरलेला. पुढे अ‍ॅनिमेशनवाले या आठांच्या मधली चित्रं भरत जातात आणि माणूस हलायला लागतो. ती पहिली आठ काढणं हे माझं काम. लोक विचारतात, "म्हणजे तुम्ही गेम बनवता?" मी सांगते, गेम दुसरे बनवतात, मी त्यातली माणसं ठरवते. कोण कसा उभा राहतो, अंगावर काय घालतो, कशाने मारतो, आणि हरला की कसा पडतो.

ज्या एका चित्रामुळे या धंद्यात मला चार लोक ओळखायला लागले, ते हरलेल्या पहिलवानाचं आहे. त्याचं कौतुक निघालं की मी विषय बदलते. का बदलते, ते आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

२००४ साली मी सत्तावीस वर्षांची होते. नागपूरला कमर्शियल आर्ट शिकून पुलगावला परत आले होते आणि रोज वर्ध्याला एका छापखान्यात जात होते. लग्नपत्रिकेवरचे गणपती, बारशाच्या पत्रिकेवरचे पाळणे, निवडणुका आल्या की हात जोडलेले उमेदवार. उमेदवारांचे गाल संगणकावर गुळगुळीत करण्यात मी पटाईत झाले होते. अशात कॉलेजातल्या एका मैत्रिणीने पुण्याच्या एका लहानशा कंपनीला माझं नाव सुचवलं. त्यांना मोबाईल फोनवर खेळायचे गेम करायचे होते. रंगीत पडद्याचे फोन तेव्हा नुकते लोकांच्या हातात दिसू लागले होते. पडदा आगपेटीएवढा.

तिथल्या शिरीष नावाच्या माणसाने फोनवरच मुलाखत घेतली. "देशी लढवय्यांचा टू-डी फायटिंग गेम आहे," तो म्हणाला. टू-डी म्हणजे दोघं लढणारे आपल्याला फक्त बाजूने दिसतात, भिंतीवरून सरकणाऱ्या सावल्यांसारखे. पुढे जाता येतं, मागे येता येतं, उडी मारता येते, बस. एकूण सहा लढवय्ये, आणि मुख्य लढवय्या पहिलवान. "कुस्तीची माहिती आहे ना तुम्हाला? तुमच्याकडे आखाडे असतील."

"आमच्या घरामागेच आहे एक," मी म्हणाले.

आमच्या घरामागे पिठाची गिरणी होती. कुस्ती मी आयुष्यात जवळून पाहिली नव्हती. आखाड्यात बायकांनी पाय ठेवायचा नसतो, हेसुद्धा मला नंतर कळलं.

काम मिळालं, छापखाना सोडला. पहिल्या आठवड्यात मनानेच तीन पहिलवान काढून पाठवले. शिरीषचा फोन आला. "पहिला पोलीस वाटतो. दुसरा जिममधला आहे. तिसऱ्याला मिशी काढली की तो माझा मेहुणा." मग म्हणाला, "घरामागे आखाडा आहे म्हणालात ना तुम्ही?"

मी म्हणाले, सध्या तिथे दुरुस्ती सुरू आहे.

पुलगावला लागूनच नाचणगाव. तिथले मारोतराव पहिलवान लचक काढतात, हे बाबांच्या तोंडून ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच सायकल काढली. मारोतराव पासष्टीचे असतील. मान जवळजवळ नव्हतीच, खांदेच सरळ डोक्याला जोडलेले. कान मोडून गाठोड्यासारखे झालेले. अंगणात पाटावर बसून ते एका बाईचा घोटा चोळत होते. ती गेल्यावर मला म्हणाले, "कुठं लचकलं?"

"लचकलं काही नाही, काकाजी. तुमचं चित्र काढायचं आहे."

त्यांची बायको, गयाबाई, ओट्यावर लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "फोटो काऊन नाई काढत? लवकर होते तं."

मी सगळं समजावून सांगितलं. फोन, गेम, पुण्याची कंपनी. मारोतरावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्याच्यात मी कोनाशी लढतो?"

"सगळ्यांशी. तलवारवाला आहे, काठीवाली बाई आहे..."

"वजनाचं काही पाह्यतेत का?"

"नाही."

"मंग थे कुस्ती नाई. थे भांडन हाय." पण त्यांना गंमत वाटली होती, ते दिसत होतं. "ये उद्यापासून. इथं अंगनातच. आखाड्यात तुले नेता येत नाई. अन् तुह्यासमोर मी काही लंगोट घालून उभा राहत नाई, आधीच सांगून ठेवतो."

म्हणून जगातल्या त्या पहिल्या लाल लंगोटातल्या मोबाईल पहिलवानाचा नमुना खाकी हाफपँट आणि बनियनमध्ये होता.

रोज सकाळी नऊ ते अकरा मी तिथे असायची. कागदावर काढायला लागले आणि आपल्याला माणसाच्या अंगातलं काही कळत नाही हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायची. ते म्हणाले, "डोये नको पाहू. डोये खोटं बोलतेत. समोरच्याच्या खांद्याकडे पाह्य. हात निंघाच्या आधी खांदा सांगते." त्यांनी खांदा अर्धा इंच मागे नेला, आणि खरंच, पुढे काय होणार ते कळलं. आमच्या धंद्यात याला मोठं महत्त्व. फटका बसण्याआधीचं चित्र चुकलं तर फटक्यात जीव राहत नाही. हे मला कॉलेजात चार वर्षांत जमलं नव्हतं ते अंगणात चार दिवसांत जमलं.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. काढलेलं चित्र पूर्ण काळं करून पाहायचं असतं. नाक, डोळे, रंग सगळं पुसून नुसता काळा डाग. त्या डागावरूनही माणूस ओळखू यायला हवा, कारण फोनच्या पडद्यावर तो चाळीसेक ठिपके उंच असतो, भरतकामाच्या चौकटीतल्या मोरासारखा. मोडलेले कान मी फार हौसेने काढले होते, ते एका ठिपक्यात गेले. खांदे तेवढे उरले. मारोतरावांच्या उजव्या दंडावर ताईत होता. गेममध्ये माणूस दुसऱ्या बाजूला वळला की तेच चित्र उलटं करून वापरतात, त्यामुळे ताईत उड्या मारत डाव्या दंडावर जाई. ते त्यांना सांगितलं तर म्हणाले, "काढून टाक. इकडून तिकडं जानारा ताईत काय कामाचा."

शिरीषला लाथा हव्या होत्या. "लोकांना लाथ लागते," तो म्हणाला. मारोतरावांना विचारलं तर त्यांनी पाटावरून उठून आत जायचीच तयारी केली. "कुस्तीत लाथ नाई." मी दोघांच्या मधे. शेवटी पायात पाय अडकवून पाडायचा एक डाव त्यांनी दाखवला, तो मी लाथेच्या जागी पाठवला आणि शिरीषने तो मान्य केला. मांडीवर शड्डू ठोकण्याचं चित्र तर त्याला इतकं आवडलं की ते खेळाच्या पहिल्या पानावर घ्यायचं ठरलं.

मग राहिलं आठवं चित्र.

"काकाजी, आता हरलेलं," मी म्हणाले. "पाठीवर पडून दाखवा फक्त."

मारोतराव काही बोलायच्या आत गयाबाई ओट्यावरून उठल्या. "अंगनात मानूस उताना कधी ठेवतेत, तुले मालूम नाई का? जितेपनी असं करू नये."

मला एकदम लाज वाटली. मारोतराव म्हणाले, "हरलो म्या लय वेळा. त्याची लाज नाई. पण हरनं मातीतलं. हे असं पडून दाखवनं म्हंजे सोंग झालं. सोंग मले जमत नाई."

मी आग्रह केला नाही. घरी येऊन धाकट्या भावाला सतरंजीवर पाडलं, स्वतः आरशासमोर पडले, आणि एक चित्र करून पाठवलं. शिरीष म्हणाला, "हा झोपलाय." दुसरं पाठवलं. "हा दारू पिऊन पडलाय. हरलाय असं वाटत नाही." तिसऱ्या वेळी त्याचा आवाज बदलला होता. म्हणाला, "वंदना, मुंबईत एकजण आहे, त्याच्याकडून करून घेऊ का? पुढच्या सोमवारपर्यंत पहिलवानाची सगळी चित्रं गोठवायची आहेत, नंतर बदल नाही." एक चित्र त्याच्याकडे गेलं की उरलेले पाच लढवय्येही तिकडे जाणार, हे मला कळत होतं. छापखान्यात माझ्या जागी दुसरी मुलगी लागली होती.

त्या सोमवारच्या आधीचा गुरुवार. पुलगावच्या बसस्टँडसमोर सायबर कॅफे होता, तिथून मी चित्रं पाठवायची. लाइट गेली होती म्हणून पायरीवर वही मांडीवर घेऊन बसले होते. सकाळचे साडेदहा. वर्ध्याहून बस आली. मारोतराव दारात दिसले, उजव्या हातात कापडी पिशवी, डाव्या हाताने दांडा धरलेला. पायरी उतरताना डावा हात दांड्यावरून सुटला. निसटला म्हणण्यासारखा नव्हता, कुणी बोटं एकेक करून उघडावीत तसा सुटला. गुडघा दुमडला आणि ते डाव्या अंगावर खाली आले. त्यांनी डावा हात जमिनीला टेकवला, पण हाताने वजन घेतलं नाही. मनगट आत वळलं, बोटं तळहाताखाली गेली. मग त्यांनी मान वर केली आणि आजूबाजूला पाहिलं, कोण कोण बघतंय ते.

हे सगळं मला इतकं बारीक सांगता येतं कारण मी पाहत होते. धावले नाही, पाहत होते. किती वेळ, ते ठाऊक नाही. चहाच्या टपरीवाला माझ्याआधी त्यांच्यापर्यंत पोचला एवढं खरं.

आम्ही त्यांना बाकावर बसवलं. पाच-दहा मिनिटांत ते नीट झाले. मूठ उघडझाप करून मला दाखवली. "मुंग्या आलत्या हाताले. गेल्या." चहा प्यायले आणि उठताना म्हणाले, "घरी सांगू नको. गया उगाच घोर लावून घेते."

"नाही सांगत," मी म्हणाले.

ते गेल्यावर मी पायरीवर परत येऊन बसले आणि लाइट यायच्या आत चित्र काढलं. वळलेलं मनगट, दबलेली बोटं, वर झालेली मान. एकदाही खोडावं लागलं नाही. लाइट आल्यावर पाठवलं. तासाभरात शिरीषचा फोन. म्हणाला, "हे कसं सुचलं तुम्हाला?"

"सुचलं," मी म्हणाले.

त्यानंतर दोनदा मी नाचणगावला गेले. बारीकसारीक चित्रं बाकी होती. दोन्ही वेळा माझी नजर त्यांच्या डाव्या हाताकडे जात होती. हात चांगला चालत होता. एकदा हळूच विचारलं, "हात कसा आहे?" तर त्यांनी डोळ्यांनीच गयाबाईकडे खूण केली आणि मी गप्प बसले. मनात काहीतरी टोचत होतं. मुंग्या आल्या तर बोटं अशी आत जातात का? पण मी दिलेल्या शब्दाच्या आड उभी होते. आणि खरं सांगायचं तर गयाबाईंना सांगितलं असतं तर 'तू तिथंच होती का?' हा पुढचा प्रश्न आला असता. त्याचं उत्तर मला द्यायचं नव्हतं.

अकराव्या दिवशी दुपारी आमच्या घरचा फोन वाजला. गयाबाई एसटीडी बूथवरून बोलत होत्या. "बाई, ह्यांचं तोंड वाकडं झालं. बोलता येऊन नाई राह्यलं. तुह्याच घरचा नंबर होता माह्यापाशी. गाडी पाह्य कोनाची."

बाबांनी शेजाऱ्यांची जीप मागितली. वर्ध्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत गयाबाई मारोतरावांचा डावा हात दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या आणि सारख्या म्हणत होत्या, "सकाळी चांगले होते जी. सकाळी भाकर खाल्ली." मी पुढच्या सीटवर. पुन्हा मागे वळून पाहायची हिंमत होत नव्हती.

तरुण डॉक्टरीणबाई होत्या. तपासता तपासता त्यांनी विचारलं, "याआधी कधी असं झालं होतं? हात लुळा पडणं, तोल जाणं? थोड्या वेळासाठी का होईना?"

"नाई जी," गयाबाई म्हणाल्या. "कधीच नाई."

मी भिंतीला टेकून उभी होते. तेव्हाही एक क्षण असा आला की गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. मग म्हणाले, "झालं होतं. अकरा दिवसांपूर्वी, बसस्टँडवर." कुठला हात, कसा, किती वेळ, हे शब्दांत नीट सांगता येईना. शेवटी पिशवीतून वही काढली आणि ते पान उघडून डॉक्टरांपुढे धरलं.

त्यांनी चित्र नीट पाहिलं. "मनगट असंच वळलं होतं?"

"असंच."

"हा इशारा असतो. तेव्हा लगेच आणायला हवं होतं," त्या म्हणाल्या. रागावून नाही, कागदावर लिहिता लिहिता.

गयाबाईंनी माझ्या हातातून वही घेतली. बराच वेळ पाहिलं. "हे तू त्याच दिवशी काढलं?"

"हो."

"बसून काढलं?"

"हो, काकू."

त्यांनी वही परत दिली आणि त्या नवऱ्याच्या खाटेकडे गेल्या.

मारोतराव वाचले. पंधरा दिवसांनी घरी आले. बोलणं हळूहळू परतलं, पण डावा हात राहिला तो राहिलाच. लचक काढायला येणारी माणसं थोडे दिवस येत राहिली, मग बंद झाली. एका हाताने हाड बसवता येत नाही. पुढे एकदा डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या होत्या की त्याच दिवशी आणलं असतं तरी कदाचित हेच झालं असतं. ते 'कदाचित' मी वीस वर्षं सांभाळून ठेवलं आहे. कधी त्याने बरं वाटतं, कधी काहीच होत नाही.

मारोतराव दवाखान्यातून घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी शिरीषला फोन केला होता. म्हणाले, "ते हरलेलं चित्र बदलायचं आहे." त्याने कारण विचारलं. मी सगळं सांगितलं. तो भला माणूस होता. म्हणाला, "वाईट झालं हो. पण अ‍ॅनिमेशन पूर्ण झालंय. आणि अख्ख्या गेममध्ये तेवढंच चित्र खरं वाटतं." मी परत एकदा बदला म्हणाले असते तर कदाचित त्याने बदललं असतं. मी म्हणाले नाही. नोकरी जाईल ही भीती होती, तशीच आणखी एक गोष्ट होती जी कबूल करायला मला फार वर्षं लागली. चित्र चांगलं होतं, आणि ते मला हवं होतं. पुढची सगळी कामं मला त्या चित्रावरून मिळाली.

मी दर आठवड्याला नाचणगावला जायची. गयाबाई बोलायच्या नाहीत. मी मारोतरावांपाशी बसायची, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे त्यांच्या डाव्या हातात रबरी चेंडू द्यायची, दाबायला लावायची, आणि तासाभराने निघायची.

पुढच्या वर्षी गेम आला. शिरीषने एक फोन पाठवला, त्यात तो घालून दिलेला. न्यावा की नाही यात माझे आठ दिवस गेले. पण मारोतरावांनीच दोनदा विचारलं होतं, "माह्यी कुस्ती कुठवर आली?" म्हणून नेला.

ते खाटेवर बसले होते. फोन उजव्या हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. आधी शड्डूचं चित्र आलं. ते हसले. तोंडाची एकच बाजू हसली. मी बटण कुठलं ते दाखवलं. एका अंगठ्याने जेवढं जमेल तेवढं ते लढले. लाल लंगोटातला पहिलवान पुढे गेला, मागे आला, त्याने दोनदा पाय अडकवला, आणि काठीवाल्या बाईने त्याला हरवलं. तो डाव्या अंगावर पडला. मनगट आत वळलं. मान वर झाली.

मारोतराव पाहत राहिले. मग सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "हे बसस्टँडवरलं हाय."

"हो, काकाजी."

"तू घरी सांगत नाई म्हनली होती."

"दवाखान्यात सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा."

गयाबाई आतून येऊन दारात उभ्या राहिल्या होत्या. वर्षभराने त्या माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या. "सांगाचं होतं तवा तुनं सांगतलं नाई. अन् आता साऱ्या दुनियेले दाखवून राह्यली."

त्यांचं चुकलं होतं कुठे? मारोतरावांनी फोन माझ्याकडे परत केला. "हात बरोबर काढला," ते म्हणाले. हे त्यांनी कौतुकाने म्हटलं की आणखी कशाने, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. चेहरा तेव्हा अर्धाच बोलत होता.

घरी येताना सायकल हातात धरून चालत आले. आता तिथे जायचं नाही असंच वाटत होतं. गेमवरून पुण्याहून शाबासकीचे फोन येत होते, ते आईने घेतले.

पुढच्या आठवड्यात मी गेले. आवाज दिला. गयाबाईंनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं. ये म्हणाल्या नाहीत, बस म्हणाल्या नाहीत. चेंडू माझ्या हातात दिला आणि दार उघडं ठेवून आत गेल्या.